भरलेला रकाना

मॅडम, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी राग उतरला नव्हता, आणि या आठवड्यात तर तो नव्याने चढला. अमरावतीच्या ज्या दवाखान्याचा डेटाबेस मी सांभाळते, तिथे परवा एका बाईला इंजेक्शन दिलं आणि बघता बघता तिचा गळा सुजला. नर्स धावली म्हणून वाचली, आमच्यामुळे नाही. तिला त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या स्क्रीनवर मात्र अ‍ॅलर्जीच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘नाही’. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

हा ‘नाही’ आला कुठून ते मी खणून काढलं. माझ्या आधी जो माणूस होता त्याला वरून हुकूम आला होता, हा रकाना रिकामा सोडता येणार नाही अशी अट टाका. आमच्या भाषेत ‘नॉट नल’. आता हे तुम्हीच शिकवलेलं, जुन्या टेबलावर ही अट लावायला गेलं की डेटाबेस आधी एकूण एक जुनी ओळ, म्हणजे एकेका पेशंटची नोंद, तपासतो, आणि एक जरी रिकामी सापडली तरी अट घेत नाही. तशी त्याने घेतली नाही. मग या शहाण्याने काय करावं? सगळ्या रिकाम्या जागी ‘नाही’ भरलं, पुढच्यांसाठीही न विचारता ‘नाही’च पडेल अशी सोय केली, अट लावली आणि मोकळा झाला. डेटाबेसचं काय, ओळ लिहिण्याआधी तो एवढंच बघतो की त्या जागी काहीतरी आहे ना. ते खरं आहे का हे विचारणं त्याचं काम नाही.

अकोल्याच्या त्या तापलेल्या वर्गात मी उभं राहून विचारलं होतं, नल म्हणजे शून्यच ना? तुम्ही खडू टेबलावर आपटला. ‘‘काहून वं, शून्य म्हणजे मोजलं अन् काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. दोन्ही तुले एकच वाटते?’’ सगळा वर्ग हसला, मी लाजेने लाल झाले. मग तुम्ही फळ्यावर एक ओळ काढली आणि तिच्या डोक्याशी बारक्या चौकटी काढल्या, रकान्यागणिक एक. रकान्यात किंमत असेल तर चौकटीत एकचा आकडा, नसेल तर शून्याचा, नुसती खूण म्हणून. नसलेल्या किमतीला ओळीत पुढे जागाच देत नाहीत. ‘‘जो पोरगा आलाच नाही त्याले बाक कायले पाह्यजे? हजेरीत खूण केली, झालं.’’ आणि हात झटकत म्हणालात, ‘‘माहीत नसन तं खाली ठेवा, रिकामं. खोटं भरलं की मंग ते कोणाच्या बापाले ओळखू येत नाही.’’

असं शिकवणारी बाई तुम्ही, आणि माझ्याशी काय केलंत? तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही ज्वारीची भाकर थापताय, मी ओट्याला टेकून उभी आहे, फ्रिजवर गोळ्यांची नवी पाकिटं पडलीत. मी विचारते, मॅडम, तब्येत कशी आहे? ‘‘मस्त. तू जेव आधी.’’ फोनवर विचारलं तरी मस्त. शेवटच्या उन्हाळ्यात तुमचा आवाज पार खोल गेला होता, तरी मस्तच. आणि मग एक दिवस तुमच्या शेजारच्या काकूंचा फोन, मॅडम गेल्या. आजार वर्षभर होता म्हणे. अकोला आणि अमरावतीत अंतर ते किती हो? मी आले असते. दवाखान्यात तुमच्याजवळ बसले असते, डबा आणला असता. तुम्ही मला साधी संधी दिली नाही, आणि याचा मला भयंकर राग आहे.

आज दवाखान्याच्या साहेबांशी भांडले. ते म्हणाले, रिकामे रकाने बरे दिसत नाहीत. मी म्हटलं, साहेब, रिकामा दिसला तर नर्स विचारेल तरी, भरलेला दिसला तर कोण विचारतं? अखेर त्यांनी मान हलवली. मी ती अट काढली, आपोआप पडणारा ‘नाही’ही काढला. आता विचारेपर्यंत रकाना रिकामा राहील आणि स्क्रीनवर लाल अक्षरात ‘विचारलेलं नाही’ असं दिसेल. पण जुन्या ओळींचं काय? पेशंटने सांगितलेला ‘नाही’ आणि आम्ही भरलेला ‘नाही’, दोन्हीची अक्षरं तीच. कुठलीच खूण उरलेली नाही. शेवटी सगळेच जुने ‘नाही’ पुसले. आता एकेकाला पुन्हा विचारावं लागणार.

त्यांना विचारता येतं, मॅडम. तुमच्या इतक्या ‘मस्त’मधला कोणता खरा होता, हे मी कोणाला विचारू? पातोडीची भाजी केली होती आणि आपण दोघी हसून हसून बेजार झालो होतो, त्या दिवशीचा तरी खरा होता का?

हे कुठे पाठवायचं नाहीच, नुसतंच लिहीत बसले आहे. आत्ता आई दारातून डोकावली. ‘‘काहून वं, रडून राह्यली काय?’’

‘‘नाही,’’ म्हटलं मी.