तात्याबाची भुवई

१ एप्रिल १९७४, सोमवार
संकल्प: कचेरीतली सर्व १४३ सर्व्हिस बुकं ३१ मेपर्यंत निर्दोष करणे. १ जूनला हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होते. सीनियर मी. दुसरं नाव इलियास. बी.कॉम. आहे म्हणे. अक्षर वळणदार, बाकी काही नाही. सर्व्हिस बुक म्हणजे काय, हे त्याला काय कळणार? माणूस लागला, बदलला, रजेवर गेला, परत आला, सगळं त्यात. पुस्तकात नाही तो माणूसच नाही.
मला नियम कुणी शिकवले नाहीत. मॅट्रिकला तीनदा बसलो, तिन्ही वेळा परीक्षक बेशिस्त निघाले. नियमावली स्वतः वाचली, पाठ केली.

३ एप्रिल, बुधवार
इलियास म्हणतो, भाऊसाहेब, पुस्तकं १४२च भरली, तुमचं कुठाय? म्हटलं, कपाटात, कुलपात. १९५१ साली साताऱ्याला रुजू झालो तेव्हा तिथल्या एका गाढवानं पहिल्याच पानावर माझ्या नावातल्या नाथाजीचं 'नथाजी' केलं. त्या दिवसापासून माझं पुस्तक दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाही. स्वतःच्या पुस्तकात स्वतः लिहायला बंदी आहे, तीही काटेकोर पाळली. त्यामुळे पुढे त्यात एकही चूक नाही.

८ एप्रिल, सोमवार
शिपाई तात्याबाचं पुस्तक घेतलं. ३१ मेला रिटायर. माझ्या सहीशिवाय पेन्शनचे कागद वर जात नाहीत.
पान १, ओळखीची खूण: 'उजव्या भुवईवर जखमेचा व्रण.' तात्याबाला खिडकीपाशी उजेडात उभा केला. व्रण डाव्या भुवईवर!
म्हणजे पुस्तकातला तात्याबा निराळा आणि अठरा वर्षं आम्हाला चहा देतो तो निराळा. बोटांचे ठसे पाहावेत तर शाई फासून पाच बोटांची पाच भजी.
तात्याबा म्हणतो, आवं भावसायेब, रेडकानं लाथ मारली ती काय भुवया बदलत फिरती व्हय? लिवणारा माज्याम्होरं बसला हुता. त्येची उजवी ती माजी डावी.
शिपायानं मला शिकवावं! शेरा मारला: 'इसमाची ओळख पटत नाही. कागद स्थगित.'

१६ एप्रिल, मंगळवार
माझ्या टेबलावरचा चहा बंद. विचारलं तर म्हणे, मीच तुमास्नी पटत न्हाई, तर माजा च्या कसा पटंल? पलटणीत होता, त्याचा माज.

२३ एप्रिल, मंगळवार
तात्याबाची बायको हरणाबाई शिराळ्याहून एस्टीनं आली. टेबलासमोर उभी राहून भर कचेरीत म्हणाली, चाळीस वर्सं ह्याच थोबाडाम्होरं भाकरी वाडतीया भावसायेब, मला कवा आब्जेक्शन आलं न्हाई. सगळे हसले. इलियास सर्वांत जास्त.
नोंद घेतली: पत्नीची साक्ष हितसंबंधी, अग्राह्य.

२९ एप्रिल, सोमवार
साहेबांना मेमो दिला. १९५६ साली ही नोंद करणाऱ्या कारकुनाला शोधून त्याच्यावर कारवाई व्हावी. अक्षर पाहवत नाही. खाली सही म्हणजे गांडुळाचा फेरफटका. असला इसम भरती झालाच कसा?
चौकशी मंजूर. काम इलियासकडे. बरंच झालं, काहीतरी शिकेल.

८ मे, बुधवार
इलियासचा रिपोर्ट आला. १९५६ साली या टेबलावर मी होतो.
सही पुन्हा नीट पाहिली. नवखेपणात हात जरा मोकळा चालायचा. पण अक्षरात आत्मविश्वास आहे.

९ मे, गुरुवार
खात्री करायला साहेबांनी माझं पुस्तक मागवलं. नाइलाजानं कुलूप काढलं. पहिल्या पानावर नथाजी. पुढं सगळं कोरं. साहेब बराच वेळ पानं उलटत होते. मग म्हणाले, नाथाजीराव, तुम्ही नोकरीत आहात हे कशावरून?
म्हटलं, पगारबिलांवरून. पण जुनी बिलं मुदत संपली म्हणून गेल्याच वर्षी मी जाळली. नियमाप्रमाणे.

२० मे, सोमवार
नियम मीच काढून दाखवला. कागद नसतील तर त्या काळातल्या सहकाऱ्याचा जबाब चालतो. साहेब खूश.
त्या काळातला कचेरीत एकच उरलाय. आणि त्या साक्षीदाराची ओळख पटलेली नाही. तसा शेरा आहे.
शेरा पक्का आहे. माझाच आहे.

२८ मे, मंगळवार
तात्याबाकडे गेलो. स्टुलावरून उठला नाही. म्हणाला, जबाब देतो की, लय आनंदानं देतो. पर मी त्योच तात्याबा हाय का न्हाई, त्ये आदी ठरू द्या.
शेरा खोडला. 'ओळख पटली' असं लिहिलं. कागद वर गेले. मोठेपणा अंगी होता, दाखवला.

३१ मे, शुक्रवार
तात्याबाचा शेवटचा दिवस. हार घालूनच साहेबांसमोर जबाब दिला: मी लागलो तवापास्नं ह्यो मानूस ह्याच खुर्चीत हाय. काम करताना बगितला न्हाई, पर हाय.
इलियासनं ते शब्दशः लिहून घेतलं.
त्याआधीची माझी पाच वर्षं साताऱ्याला शोधायची. तोवर हेडक्लार्कचा चार्ज इलियासकडे.
माझं पुस्तक नव्यानं तयार करायचं म्हणून तो समोर बसला. डाव्या हाताची पाचही बोटं शाईत बुडवून उमटवून घेतली. मग माझ्या तोंडाकडे पाहून लिहिलं, 'डाव्या गालावर चामखीळ.' चामखीळ माझ्या उजव्या गालावर आहे. तोंड उघडलं. दारात तात्याबा उभा होता, हार गळ्यात, व्रणाची भुवई वर. तोंड मिटलं.
घरी येऊन मोरीत शाई धुतली. निघाली नाही. समोरच्या आरशात नीट पाहिलं. आरशातल्या माणसाच्या ती डाव्याच गालावर आहे.
नोंद बरोबर आहे.