सगुणाबाईंचा आवाज आणि माधवीची खिडकी

डोंबिवली पूर्व, शुक्रवार

चि. सुश्रुत,

आत्याचे आशीर्वाद. तू, उत्तरा आणि घोडबंदर रोडची वाहतूक, तिघेही ठीक असाल असं धरून चालते. (तिसरीची तब्येत सुधारायची नाही, तुम्ही दोघं तरी वेळेवर जेवत जा.) फोन न करता ई-मेल लिहिते आहे, कारण फोनवर तू "आत्या, पण आधी मला सांग" म्हणून मध्येच तोडतोस.

आनंदाची बातमी ही की आमच्या लोकगीत-संग्रहाचा सर्व्हर आता पूर्ण सुरक्षित झाला आहे. घरबसल्या त्यात शिरायचा पासवर्ड आम्हा सगळ्याजणींचा एकच होता आणि माधवीने तो फ्रिजवर चिकटवला होता. (तिच्या गॅसवाल्यालाही पाठ होता.) दिवाळीत तू म्हणालास, पासवर्ड बंद करा, किल्ली वापरा. म्हणजे एक फाईल आपल्या लॅपटॉपमध्ये, तिची जोडीदार सर्व्हरवर. दोघींची ओळख पटली की दार उघडतं. आज सकाळी चहा घेऊन बसले आणि उरकूनच उठले. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, घंटेनंतर वर्गाचं दार कधी उघडं ठेवलं नाही. तसंच इथे. जोडीदार फाईल ठेवली, पासवर्ड बंद केला, रीतसर बाहेर पडले. पुन्हा आत जायला लागले तर सर्व्हर म्हणतो, परवानगी नाही! (जुनं दार लावण्याआधी नवं उघडून पाहायचं असतं, हे तू म्हणणारच होतास, म्हणून मीच लिहून टाकलं.)

कारण शोधलं. मागे सगळ्यांना काम करता यावं म्हणून आमचं मुख्य फोल्डर मी कोणालाही फेरफार करता येतील इतकं मोकळं करून ठेवलं होतं. अशा सताड उघड्या घरात ठेवलेल्या जोडीदार फाईलवर हा सर्व्हर विश्वासच ठेवत नाही. खरं सांगते, रागाऐवजी आदर वाटला. माझ्याहून कडक कोणी पहिल्यांदाच भेटलं.

पण नेमक्या दुपारी कोपरीच्या सगुणाबाई गाणं न्यायला आल्या. कोळ्यांच्या लग्नांत धवले गाण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घशाच्या ऑपरेशनआधी आम्ही ती गाणी ध्वनिमुद्रित केली, हे बरं झालं, कारण आता नुसती खरखर उरली आहे. रविवारी त्यांच्या नातीची, दक्षताची हळद. तिथे आजीचाच आवाज लागला पाहिजे. आणि तो आवाज फक्त सर्व्हरवर आहे. रेकॉर्डर मी तेव्हाच रिकामा केला. (शिस्त.) सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी सोमवारी बघू म्हणते.

सगुणाबाई म्हणाल्या, "बाय, माजा आवाज तुमी कोंडून ठेवलाव. आता काढा बाहेर."

तेव्हा माधवी म्हणाली, "अगं चित्रा, माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरची खिडकी अजून चालू आहे." ती सकाळी, मी पासवर्ड बंद करण्याआधीच आत शिरली होती, आणि आत गेलेल्याला सर्व्हर बाहेर काढत नाही. त्या खिडकीतून सर्व्हरला आदेश देता येतात, गाणं मात्र किल्लीचं दार उघडल्यावरच बाहेर येईल. ही बाई गिझर, पंखा, लॅपटॉप काहीच बंद करत नाही, यावरून मी तिला वर्षानुवर्षं बोलत आले आहे. असो. बाकी इकडे सर्व कुशल.

तुझी,
चित्राआत्या

ता. क. सर्व्हर सुरक्षित आहे हे वर लिहिलं ते खरंच आहे, फक्त मीही बाहेर आहे. फोल्डर पुन्हा बंदिस्त करण्याचा नेमका आदेश फोन करून सांग. मी अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हणेन, टाईप माधवी करेल. कळफलकाला हात लावायला तिने मला मनाई केली आहे. ("तुझा हात लागला की काहीतरी बंद होतं.")

ता. क. वाचल्याबरोबर फोन कर. दुरुस्तीसाठी संध्याकाळी वीज जाणार अशी सूचना खाली लागली आहे, आणि इंटरनेट गेलं की खिडकीही गेली. काम होणार याची मला खात्री आहे. रविवारी दोघंही हळदीला कोपरीला या.

ता. क. माधवीने पंखा, दिवे, गॅलरीचं दार, सगळं चालू नाहीतर उघडं ठेवलं आहे. सगुणाबाई त्या काळ्या खिडकीकडे बघत खरखरत्या गळ्याने सूर धरून बसल्या आहेत. मी काहीही बंद करायला उठलेले नाही.