पसंती मागच्या मागे

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. टेक्निकल माणसाने आपले निर्णय लिहून ठेवले नाहीत तर पुढच्यांनी शिकायचं कशावरून.
ऑफिस: डोंबिवली पूर्वेचं वधू-वर सूचक मंडळ. वेबसाईट पूर्ण माझी. तक्रार एकच. कोणी ‘पसंती’ किंवा ‘नकार’ दाबलं की समोरच्याला ईमेल जाईपर्यंत पान गोल गोल फिरत बसतं. आमच्या मालकीण मंजुळाताई म्हणाल्या, ऋतुराज, लोकांना वाटतं स्थळ विचार करतंय.
उपाय तयार आहे. ईमेलचं काम मागे, वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे पानाला न थांबवता बाजूला चालणारं. पान लगेच मोकळं.

८ जानेवारी
केलं. बटण दाबलं की ताबडतोब ‘कळवलं आहे’.
रुचिता (नवीन डेव्हलपर, प्रश्न फार) म्हणाली, सर, कळवायच्या आधीच ‘कळवलं आहे’ कसं? आणि साईट रिस्टार्ट झाली तर मागे चालू असलेली कामं तिथेच मरतील, कुठे नोंदपण नाही. म्हटलं, कशाला होईल रिस्टार्ट. ती म्हणाली, दुपारी साईटवर कोणी नसलं की सर्व्हर झोपतो, आपोआप बंद होतो. म्हटलं, दुपारी मंजुळाताईपण झोपतात, मंडळ चालूच आहे ना.
तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

११ जानेवारी, शनिवार
माझं स्वतःचं प्रोफाईल साईटवर आहेच. आज समीक्षाला पसंती पाठवली. ठाण्याची, कोपरीला राहते, फिजिओथेरपिस्ट. फोटोत हसत नाही. म्हणजे विचारी आहे.

१५ जानेवारी
समीक्षाचं उत्तर नाही. विचार करत असणार. घाई करणारी मुलगी मला नकोच आहे.

१७ जानेवारी
खडवलीहून फोन. कल्पिताचे वडील, रवींद्र. काल तिला बघायला माणसं येणार होती, आलीच नाहीत. मुलाकडच्यांनी आदल्या दिवशी साईटवर ‘नकार’ दाबलेला. ईमेल गेलाच नाही.
ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, पोरीने रजा टाकलेली हो. साडी नेसून संध्याकाळपर्यंत बसलेली. मी म्हटलं, टेक्निकल अडचण आहे. ते म्हणाले, ती पोरीला कशी सांगू?
फोन ठेवल्यावर सर्व्हरच्या वेळा तपासल्या. मग लक्षात आलं, सर्व्हर झोपलेला. म्हणजे चूक सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांची.

२० जानेवारी
रुचिताचं म्हणणं: प्रत्येक निरोप आधी डेटाबेसमध्ये लिहायचा आणि पाठवायला साईटबाहेर वेगळा प्रोग्राम ठेवायचा. तो मधेच बंद पडला तरी उठल्यावर उरलेलं पूर्ण करेल.
पुस्तकी आहे. मी सर्व्हरला जागं ठेवायला आणखी एक थ्रेड बसवला. तो सारखी साईट उघडत राहतो. शिवाय ईमेल पाठवणारे थ्रेड वाढवले. आता वेग बघायचा.

२३ जानेवारी
वेग दिसतोय. रुचिता म्हणाली, पण सर, ‘आत्ताचा सभासद कोण’ हे सगळे थ्रेड एकाच व्हेरिएबलमध्ये, एकाच खणात ठेवतायत. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकाचा पत्ता दुसऱ्याला जाईल. म्हटलं, अगं, लग्नाच्या बाबतीत एका वेळी दोघांनी होकार दिलेला मी अजून पाहिला नाही.

२७ जानेवारी, सोमवार
काल हर्षितच्या घरचे कल्याणला करिश्माकडे जायचे, ते डोंबिवलीत हेमाकडे गेले. ईमेलमध्ये हेमाचा पत्ता होता. हेमाच्या आईला वाटलं, मंडळानेच पाठवलंय. चहा झाला, बिस्किटं झाली, मग मुलाच्या आईने मुलीला करिश्मा म्हणून हाक मारली.
हर्षित आणि हेमाचं जमलं. मंजुळाताईंना म्हटलं, सिस्टिमने सुचवलं. त्या म्हणाल्या, करिश्माच्या घरच्यांनी नाव काढून घेतलंय, त्यांनाही सिस्टिमलाच बोलायला सांग.

३१ जानेवारी
समीक्षा अजून गप्प. आज एकदम उलगडलं. मी पसंती पाठवली ती भर दुपारी. सर्व्हर झोपलेला. तिला पोचलीच नाही. बिचारीला पत्ताच नाही की मी तिला पसंत केलंय.
तिच्यासाठी म्हणून रुचिताला तिच्या पद्धतीने करायची परवानगी दिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
झालं. रुचिताने केलं, मी मार्गदर्शन केलं. निरोप आधी लिहिला जातो, मग जातो. प्रोग्रामला बंद व्हायला सांगितलं तर हातातलं काम संपवून मगच थांबतो. तिने मुद्दाम मधेच बंद पाडूनही दाखवलं. काही हरवलं नाही, काही दोनदा गेलं नाही. रवींद्रना फोन करून सांगितलं. ते बरं म्हणाले. कल्पिताचं काढून घेतलेलं नाव मात्र परत घातलं नाही.

संध्याकाळी मंजुळाताईंना म्हटलं, आता समीक्षाला पसंती पुन्हा पाठवतो, पहिली पोचली नव्हती.
त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, अरे, पोचली होती. दोन दिवसांत तिने फोन करून नकार कळवला. मी स्वतः तुझ्या नावापुढे ‘नकार’ दाबलं, ‘कळवलं आहे’ असं आलंसुद्धा. तू काहीच बोलला नाहीस. आम्ही सगळे म्हणत होतो, किती शांतपणे घेतलं पोराने.
विचारलं, सगळे म्हणजे?
रुचिता स्क्रीनकडे बघत होती.
मंजुळाताई म्हणाल्या, नोंद राहायला हवी, आणि नव्या सिस्टिमवर बटण पुन्हा दाबलं.
ईमेल लगेच आला. एकदाच आला.