फक्त रडण्यापुरती

फ्रिस्को, मंगळवार संध्याकाळ

आज मी जाम खूश आहे. शाळेतल्या स्पॅनिश नन्सनी शिकवलेल्या भाषेवर मी इथे अमेरिकेत बावीस वर्षं डबिंग केलं. आपल्याकडच्या एका मालिकेतली थोरली बाईसाहेब स्पॅनिशमध्ये बोलायची ती माझ्याच आवाजात. यंदा मला घरी बसवून तो रोल एका इन्स्टाग्रामवालीला दिला. आणि आज डिरेक्टरचा फोन: "मॅडम, तिला रडता येत नाही. एपिसोड उद्या द्यायचाय. फक्त रडून द्या." फक्त रडून! मी काय नळ आहे?

तरी गेले, मुद्दाम. सूर लागावा म्हणून आधीचं वाक्यही मीच म्हणते, म्हटलं. आणि शेवटच्या शब्दातच हुंदका मिसळला. आता रडणं वाक्यापासून कापता येत नाही, आणि माझं वाक्य तिच्या आवाजाला जोडता येत नाही. अख्खा सीन माझ्याकडूनच करून घ्यावा लागणार. हे कळल्यावर डिरेक्टरचा चेहरा! पाप केलं का मी? असू दे.

ती इन्स्टाग्रामवाली पोरगी स्टुडिओच्या काचेपलीकडे माझं रडणं ऐकून डोळे पुसत होती. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "मला असं रडायला शिकवाल?"

म्हटलं, "शिकवायचं काय त्यात? सीन गेल्याचा फोन येईल तुला, मग आपोआप जमेल."