तुझ्या सैपाकखोलीची खिडकी

माय, माझी नात, म्हणजे तुझी पणती, घरं काढायला शिकते आहे. बांधायला नाही, काढायला, कागदावर आणि पुठ्ठ्यावर. इतकी वर्षं झाली, एकाही घरात अजून कोणी राहायला गेलं नाही, असं मी तिला चिडवते. हे तीच लिहून घेते आहे, कारण मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहेच. तुला तरी कुठे येत होतं. मी 'तुले' म्हणते, ती 'तुला' लिहिते. माझं सांगून होईपर्यंत मधे बोलायचं नाही, असं बजावून तिला बसवलं आहे.

दिवाळीत ती समुद्रपूरला एसटीतून उतरली तेव्हाच तोंड उतरलेलं होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि आपल्याच भागातल्या गावासाठी घरांची एक ओळ काढायची होती तिला. सर म्हणे तिला म्हणाले, घरं देखणी आहेत, पण ही कुठेही उभी राहतील, तुझ्या गावचं यात काय आहे? मी डाळ पाखडत होते. सूप बाजूला सारून ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आजी, तुह्या मायच्या सैपाकखोलीत उजेड कुठून ये?" तिचा तो चेहरा पाहून मला 'कुठूनच नाही' म्हणवेना. मग मी तुझ्यासाठी एक खिडकी पाडली. पूर्वेच्या भिंतीत, इतकी खाली की चुलीपुढे बसल्याबसल्या तुला शेताची वाट दिसावी. तिच्यात तुझी तपकिरीची डबीही ठेवली. डबी खरी होती, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. किती उंचीवर होती, तिनं विचारलं. मी मांडी घालून हवेत हात धरला, आणि तिनं टेप काढून जमिनीपासून माझ्या तळव्यापर्यंत माप घेतलं.

त्या भिंतीपलीकडे गोठा होता, माय. समोरचं दार रस्त्यावर उघडायचं, म्हणून तुझी सासू ते लोटून घ्यायची. छपराच्या कवेलूंच्या फटींतून जाईल तेवढा धूर जाई, उरलेला तुझ्या डोळ्यांत. मी दारातून हाक मारते आणि तू आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवतेस, डोळे मिटलेले, हातानं भाकर थापणं चालूच. शेवटी शेवटी तर तू मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचीस.

आता हिच्या पुठ्ठ्याच्या प्रत्येक घराला ती खिडकी आहे. सरांना फार आवडली. परवा नागपूरहून मोठमोठ्या इमारतींचे नकाशे करणारे एक साहेब बघायला येणार आहेत, पसंत पडलं तर हिला आपल्या ऑफिसात घेणार. पुढे हिला स्वतःच्या नावाची पाटी लावायची आहे. तिथे उभी राहून ही सांगणार, ही माझ्या पणजीची खिडकी. लोक म्हणतील, काय सुखात रांधत होती म्हातारी. तुझा धूर कोणाला कळणारसुद्धा नाही, आणि तो पुसला मीच. दिवाळीपासून मला भाकर गोड लागत नाही.

इथे हिचं पेन थांबलं आहे. "माप घेतलं वं आजी मी तुह्या हाताचं," ती म्हणते. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. पेन पुन्हा कागदावर टेकवून विचारते, "मंग आता तिथं सांगू काय?" मी म्हणते, "नव्हती म्हणून सांगजो. सारी खोली धुरानं भरे, हेबी सांगजो." खिडकी ठेवायची की बुजवायची, ते तिचं ती पाहील. माझ्याकडे बघत नाही, पण लिहिते आहे.

आणि तुला काय सांगायचं होतं, माय? तुला तर सगळं ठाऊकच. तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तुझं नाव पुढे केलं. जिवंत माणसाला पत्र लिहायचं म्हटलं असतं, तर हिनं सरळ फोन लावून दिला असता.