एकाच ताग्यातली साखर

५ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू पाठवलेलं साखर मोजायचं यंत्र पोचलं. बोट टोचून थेंब पट्टीवर टेकवला की आकडा माझ्या फोनवर उमटतो आणि तिकडे दवाखान्यात तुझ्याही. बहीण नर्स म्हणजे घरबसल्या पहारा. आकडा रोज चढा, म्हणून फोन लाल होऊन खरडपट्टी काढतो. चहा बिनसाखरेचा केलाय, दुकानात चालत जातो. चांगल्या आकड्याला फोन 'शाब्बास' म्हणतो म्हणे. लग्नानंतर हा शब्द मी ऐकलेला नाही. पथ्य मी करतो आणि घसा तुझ्या वहिनीचा कोरडा पडतो, दिवसभर पाणी पीत असते.

लोभ असावा, साखर नसावी.
दादा

२६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे आकडे उतरायचं नाव घेत नाहीत. आमचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल. चोरून काय खातोस ते कळव. मला फार काळजी वाटते.

तुझ्यावर राग आणि लोभ दोन्ही.
धाकटी

३० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इंजेक्शन म्हटल्यावर पाचावर धारण बसली, म्हणून खरं लिहितो. आयुष्यभर सुईवर पोट भरलं, पण ती कापडात शिरते तोवरच मी शूर. बोट तुझ्या वहिनीचं होतं. काजं-बटणं करून तिची बोटं निबर झालीत, तिनेच पुढे केलं. दोघं एकाच पातेल्यातलं जेवतो. एका ताग्यातून दोन सदरे बेतले तर रंग वेगळा कसा येईल, असा माझा हिशेब. इंजेक्शन टळेल का, विचारून कळव.

लोभाला पात्र नसलेला,
दादा

३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिंपी ना तू? मग एका मापावर दोघांचे कपडे का शिवत नाहीस? आजार वहिनीला आहे. तुम्हा दोघांना तपासणीसाठी इकडे यायला फोनवर सांगितलंच आहे. ही कानउघाडणी घरी परत गेल्यावर वाच.

लोभ वहिनीवर. तुझं नंतर बघू.
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

घरी पोचलो. तुझं पत्र दारातच पडलं होतं. माझी साखर आवाक्यात निघाली, इंजेक्शन तिला लागलं. ती पाणी पीत होती, शिवताना डुलक्या काढत होती आणि मी फोनच्या शाब्बासकीची वाट पाहत होतो. याची फार लाज वाटते.

आता आधी माझं बोट टोचतो, मग तिचं. इंजेक्शन देण्याचं काम मीच मागून घेतलंय. सुई टोचताना डोळे मिटून घेतो. डोळे उघडे ठेवून टाका घाला, असं ती म्हणते.

आज तिचा आकडा उतरला, फोन शाब्बास म्हणाला. मी तो तिच्यापुढे धरला. तिने फोनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून शाब्बास म्हणाली.

दोघांवर लोभ असू दे, वेगवेगळा मोजून.
दादा