माइक नंबर तीन

पेठ रोड, पंचवटी, नाशिक
९ मार्च २०२५

आक्का,

पाया पडतो. इकडे सगळे ठीक. मीनाचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घराला काळजी नाही. हे लिहिताना ती पलीकडेच बसलीय, तेव्हा हसू नको.

परवा सुनावणी झाल्यावर तुला भेटायचं राहिलं. सामान टेम्पोत चढवेपर्यंत तुम्ही बायका वाटेला लागला होतात. फोन केले, तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. निकिता सूनबाई वाचून दाखवेल. निकिता, सावकाश वाच गं, सासूला अंगणवाडीतल्या पोरांसारखं दटावू नको.

मंडप कसा वाटला? सरकारी सुनावणी म्हटलं की लोक चार बांबू ठोकून ताडपत्री टाकतात. मी कनात लावली, खुर्च्यांना पांढरी कव्हरं घातली. आपल्याच वाडीत काम, कमी कशाला ठेवायची? साहेब गाडीतून उतरले नि म्हणाले, "लग्न आहे का हो?" मी म्हटलं, "होय साहेब, डोंगर बघायला पाहुणे आलेत." डोंगर फोडायला मागणारे खडी क्रशरचे मालकही हसले.

तुझं बोलणं मध्येच तुटलं त्याचं मात्र वाईट वाटलं. जनरेटरने दगा दिला बघ. डिझेलमध्ये कचरा निघाला. पण साहेब समोरच होते, त्यांनी ऐकलंच असणार. शिवाय सगळं कॅमेऱ्यात घेतलंय. आता कायदाच तसा आहे. खाण द्यायची तर आधी गावासमोर बसायचं, ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यायचं, बोललेलं लिहायचं आणि तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लावायचा. आपल्या आज्याला कुणी विचारलं होतं कधी? तेव्हा बिनघोर राहा. डोंगरातला पाण्याचा झिरा कुठे जात नाही.

तुझा
हिरामण


नाशिक
२८ मे २०२५

आक्का,

या वेळी पाया पडतो असं लिहिलं नाही. पत्र ऐकून झाल्यावर पाय पुढे करायचे की मागे घ्यायचे, ते तू ठरव.

मीना बरी आहे. आमच्या रोशनीला पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी लागली. सकाळी सातची गाडी पकडते. मी दुसरा टेम्पो घेतला. लग्नसराई जोरात गेली. सटाण्याच्या एका वरातीत नवरदेवाचा घोडा माझ्या स्पीकरला बुजला आणि नवरदेवाला घेऊन थेट कांद्याच्या चाळीत शिरला. बघ, मी पुन्हा इकडचं तिकडचं सांगत बसलोय.

एप्रिलच्या सुरुवातीला निकिताने फोन केला होता. तिने तुला सगळं सांगितलं का, माहीत नाही. म्हणाली, "मामा, पंचायतीत कागद लागलाय. अकरा लोक बोलले त्यात आत्याबाईंचं नाव हाय. पण पुढं लिवलंय, झिऱ्याबद्दल कुणीच हरकत घेतली नाय."

मी म्हटलं, "जनरेटर बंद पडला ना गं."

"मामा, मंग साहेबाच्या डोक्यावरचा पंखा कसा फिरत व्हता?"

"पंखा गावच्या लाइनवर होता."

"गावात लाइट नव्हती त्या दिवशी. म्हून तर तुमचा जनरेटर आणला."

मी फोन ठेवला. चाळीस वर्षं धंदा केला, भोंगा खांद्यावर वाहण्यापासून सुरुवात केली, मोठमोठ्यांना बोलण्यात गुंडाळलं. अंगणवाडीच्या बाईने मला दोन वाक्यांत गप्प केलं.

जनरेटर बंद पडला नव्हता, आक्का. ओढ्यापलीकडे उभा केला होता, म्हणून त्याचा आवाज कुणाला आला नाही. तो शेवटपर्यंत चालू होता.

माझ्या मिक्सरवर तीन माइक होते. दोन साहेबांच्या टेबलावर, तिसरा तुम्हा लोकांसाठी. तू उठलीस, पदर खोचलास नि म्हणालीस, "मी भागीबाई लहानू. ह्या डोंगरात आमचा झिरा हाय." तेवढ्यात कारकून रविराज माझ्या कानाशी वाकला. "हिरामणशेठ, तीन नंबर शिट्टी मारतोय. जरा खाली घ्या."

शिट्टी येत नव्हती. मंडपात शंभर माणसं खोकली तर त्यातला साहेबाचा खोकला कोणता, ते मी पाठमोरा सांगतो. शिट्टी येणार असेल तर ती यायच्या आधी मला कळते. मी रविराजच्या तोंडाकडे पाहिलं. हसत होता. सरकारी मंडपांची कामं मला त्याच्या हातून मिळतात. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याची यादीही त्याच्याच टेबलावरून जायची आहे. यातलं तो काही बोलला नाही. बोलावं लागलं नाही.

मी तीन नंबर खाली ओढला. जरा नाही. पूर्ण.

तू माइकवर बोट आपटलंस, माझ्याकडे पाहिलंस. मी ओढ्याच्या दिशेने हात केला, जनरेटर गेला म्हणून. तरी तू बोलत राहिलीस. मागच्या बायका ओरडल्या, "आवाज येत नाय!" साहेब म्हणाले, "असू द्या, नोंद होतेय." आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. त्याच्या वेळी मी माइक पुन्हा वर केला.

कॅमेरेवाल्याला आवाज माझ्या मिक्सरमधून जात होता. मधले दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की तेवढं ध्यानात आलं नाही. पण ती वायर मीच जोडली होती.

त्या कागदाविरुद्ध निकिताने केलेल्या अपिलाला काय उत्तर आलं ते तू ऐकलंच असशील. चित्रफीत तपासली, अर्जदार उभ्या दिसतात, वक्तव्य ऐकू येत नाही. मी माहितीच्या अधिकारात माझ्या नावाने अर्ज टाकून ती चित्रफीत मागवली. महिन्याने मिळाली. दुकानाचं शटर ओढून हेडफोन लावून बसलो. तुझं तोंड हलतंय आणि काही नाही. तिसऱ्यांदा ऐकताना साहेबांच्या माइकमधून लांबून, तारेसारखा बारीक, तुझा आवाज सापडला. त्यांचा माइक चालूच होता ना.

"ह्या माइकवाल्याला इचारा. माझा भाऊ हाय. दुकाळात गावाच्या हिरी आटल्या तवा ह्याच झिऱ्यावर जगला त्यो. त्यो सांगंल, झिरा कवा आटत नाय."

आक्का, हे मी त्या दिवशीही ऐकलं होतं. तुझ्यापासून पाच पावलांवर होतो. माइक लागला नव्हता ऐकायला. मी खाली बघून वायर गुंडाळत राहिलो.

मागच्या आठवड्यात लॅपटॉप नि चांगला स्पीकर घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेबांना दोनदा ऐकवलं. साहेब माणूस वाईट नाही, डोळे मिटून ऐकलं त्यांनी. म्हणाले, "मला नुसती खरखर येते हो. रविराज, तुला?"

"नाही साहेब."

दाराशी शिपाई दत्तू उभा होता. त्याला ऐकू आलं असावं, कारण तो एकदम बाहेर गेला.

मी म्हटलं, "साहेब, मी लिहून देतो. माइक मीच बंद केला. तिने काय सांगितलं तेही लिहितो. मीही त्याच वाडीचा."

"रेशनकार्ड कुठलं तुमचं?"

"पंचवटीचं."

"मग तुम्ही बाधितांमध्ये येत नाही. आणि हरकतीची मुदत सुनावणीबरोबरच संपली. आता तुमचा कागद लावू कुठे, तुम्हीच सांगा." खरंच विचारत होते. मग त्यांनी चहा मागवला. आक्का, मी तो प्यायलो.

जिन्यात रविराज भेटला. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "कशाला मनाला लावून घेता शेठ? सगळ्यांचाच माइक कधी ना कधी बिघडतो."

वकिलालाही भेटलो. तो म्हणाला, रेकॉर्डमध्ये नाही ते कोर्टासाठी घडलंच नाही, आणि माझा जबाब घेतला तरी क्रशरची कंपनी म्हणेल, भाऊ बहिणीच्या बाजूने बोलतोय. मंजुरीचा कागद परवा निघाला. सोमवारी सुरुंगाची मशिनं येतात. उद्घाटनाच्या मंडपासाठी मला फोन आला होता, मी नाही म्हटलं. तासाभरात दुसऱ्याने काम घेतलं. म्हणजे माझ्या नाही म्हणण्याने एक खुर्चीसुद्धा कमी पडणार नाही.

पुढे काय करायचं ते मला कळत नाही. काही उरलंय असं वाटत नाही. एवढंच मागतो, पुढच्या ग्रामसभेत निकिताने हे पत्र सगळ्यांसमोर वाचावं, नावांसकट. त्याने झिरा वाचणार नाही. पण वाडी अजून म्हणतेय की भागीबाई ऐनवेळी बोलायला अडखळली, म्हणून कागदात काही आलं नाही. तू अडखळली नव्हतीस.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही. दबावाखाली जे केलं, ते वर लिहिलं आहे.

हिरामण बारकू गभाले
भागीबाईचा भाऊ